स्त्रियांचा मौखिक इतिहास : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर

ठाणे जिल्ह्यात, मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर एकमेकींना लागून असलेल्या या तीन शहरांतील वस्त्या उभ्या करण्यात ज्यांचा हात होता अशा स्त्रियांची निवेदने व गाणी ध्वनिमुद्रित करून किंवा लिहून ठेवण्याचे काम. महापौर, आमदार झालेल्या स्त्रियांची (उदा. ज्योती कलानी, उल्हासनगरच्या आमदार, 2014) नोंद सरकारी कागदांत असतेच, मौखिक इतिहासाला खरे काम उरते ते ज्यांच्या नावे एकही कागद नाही त्यांच्याबाबत. परिसराशी संबंधित छापील साहित्य मुख्यतः फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांविषयीचे असल्याने प्रस्तुत नोंदीचा मोठा भागही त्यांचाच आहे.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची संक्रमण छावणी होती. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईस आलेल्या सिंधी हिंदूंपैकी बऱ्याच जणांना या छावणीच्या रिकाम्या बराकींत आणण्यात आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली व तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘पाच’ म्हणून आजही पत्त्यांत टिकून आहेत. सिंधमधून निघण्याची कारणे व तेथील हिंसेचे प्रमाण यांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतील दंगलीनंतर स्थलांतराला वेग आला, एवढे सर्वमान्य आहे.

सिंधी स्त्रियांची निवेदने : फाळणीच्या स्त्रीकेंद्री मौखिक इतिहासाची सुरुवात म्हणून उर्वशी बुटालिया यांचे ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ आणि रितू मेनन व कमला भसीन यांचे ‘बॉर्डर्स अँड बाउंडरीज’ (दोन्ही 1998) ही पुस्तके सांगितली जातात; पण दोन्हींचा भर पंजाबवर आहे. सिंधची बाजू उशिरा आली. साज अगरवाल यांचे ‘सिंध : स्टोरीज फ्रॉम अ व्हॅनिश्ड होमलँड’ (2012) आईच्या आठवणींपासून सुरू झालेले आहे, तर नंदिता भावनानी यांच्या ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ (2014) या ग्रंथात मुलाखतींना कागदपत्रांची जोड आहे. त्याआधी लेखिका पोपटी हिरानंदानी (1924–2005) यांनी हुंड्याची मागणी झुगारून अविवाहित राहिल्याची व निर्वासितपणाची हकिकत स्वतःच सिंधीत लिहिली. त्या आत्मचरित्राला 1982 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. हे लेखन सिंधीत किंवा इंग्रजीत आहे. उल्हासनगरची भाजीवाली जी मराठी-सिंधी मिसळून बोलते ती बोली त्यात उतरलेली नाही, ही प्रस्तुत लेखकाच्या मते मोठी उणीव होय.

या निवेदनांत बराक पुन्हा पुन्हा येते. लांबच लांब सभागृहासारखी एक खोली, तिच्यात अनेक कुटुंबे, आणि मधे भिंत म्हणून दोरीवर टाकलेले गोणपाट किंवा जुनी साडी. पलीकडच्या घरातले भांडण, आजारपण, बाळंतपण सगळे ऐकू येई. नळ व संडास सामाईक. सरकारी शिधा बंद झाल्यावर पापड लाटणे, लोणची घालणे, शिवणकाम यांवर घर चाले. मुले तो माल लोकलमध्ये विकत. पुरुषांच्या आठवणींत दुकान केव्हा टाकले ते येते. त्या दुकानाचे भांडवल पापडाच्या पैशातून जमले, हे बायकांकडून कळते. निवेदिकेचे घराणे आमिल (नोकरीपेशाचे, शिकलेले) की भाईबंद (व्यापारी) हे टिपून ठेवणे आवश्यक ठरते, कारण बाहेर पडून नोकरी करण्याचा अर्थ दोघींच्या घरी एक नव्हता.

पद्धत : मराठीतील पायाभूत काम ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) हे होय. पूर्वार्धात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा इतिहास, उत्तरार्धात चाळिसांवर स्त्रियांच्या मुलाखती व परिचय अशी त्याची मांडणी आहे. 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेली दलित महिला परिषद अशा कथनांमुळे ठरावांपलीकडे जाऊन समजते. वंदना सोनाळकरांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 2008 मध्ये निघाला. मुंबईतील ‘स्पॅरो’ (स्थापना 1988, संस्थापकांत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज) हा स्त्रियांविषयीच्या ध्वनिफिती व छायाचित्रांचा संग्रह आहे.

प्रत्यक्ष कामात दोन अडचणी ठरलेल्या. नवरा किंवा मुलगा शेजारी बसला की उत्तरे तोच देतो, आणि बाईही आपण काहीच केले नाही, सगळे ह्यांनीच केले, असे म्हणून मोकळी होते. दुसरी अडचण सनावळीची. साल विचारले तर गाडी अडते. त्या वेळी थोरली पोटात होती की कडेवर, हे मात्र ठाम सांगितले जाते. मग मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरून साल काढायचे. 26 जुलै 2005 चा पूर ही अलीकडची सोयीची खूण, कारण कुणाच्या घरात पाणी कुठवर चढले ते घरातला प्रत्येक जण हात लावून दाखवतो.

आगरी स्त्रिया : शहरे वाढण्याआधीपासूनच्या गावठाणांत लग्नविधी चालवणारी धवलारीण महत्त्वाची. हळदीपासून पुढचे विधी तिच्या धवल्यांच्या (लग्नविधींच्या गाण्यांच्या) क्रमाने होतात; भटजी असला तरी तिचे काम सुटत नाही. घरी बसवून मुद्रित केलेल्या धवल्यांत हा क्रम हरवतो, म्हणून प्रत्येक गाण्यापुढे विधीचे नाव लिहावे. हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी पुण्याजवळच्या गावांपासून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात (एक लाखावर ओव्या) गाणारणीचे नाव व गाव दिलेले असते. धवल्यांच्या संकलनालाही तोच दंडक लावणे इष्ट.

अंबरनाथ : अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिर, आयुध निर्माणी व विम्कोचा पूर्वीचा आगपेटी कारखाना. कामगार चाळींतील स्त्रियांच्या आठवणी हे येथील संभाव्य क्षेत्र.

बदलापूर : बारवी धरण (1972) व त्याची नंतर वाढवलेली उंची यांमुळे उठलेल्या गावांतील स्त्रियांची निवेदने विस्थापन या विषयाखाली येतात.