तसबीर आणि कशिदा

‘कशिदा’ हा शब्द फारसी ‘कशीदन्’, म्हणजे ओढणे, या क्रियापदापासून मराठीत आला. फारसीत दोरा ओढण्यास जे क्रियापद, तेच चित्र रेखाटण्यासही चालते. मराठीने त्यातील सुईचा अर्थ तेवढा ठेवून घेतला, कुंचल्याचा सोडून दिला. वस्तूंच्या सृष्टीत मात्र हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आलेले दिसतात, ते जरी-टिकल्यांनी मढविलेल्या छापील तसबिरींत.

राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईस १८९४ मध्ये सुरू झाला व १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. एकेका रंगासाठी निराळा दगड वापरून छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या या चित्रांत तैलचित्राचा भास होई. रंगांच्या दृष्टीने चित्र पुरे झालेले असे. परंतु ते विकत घेणाऱ्यांस नेहमीच तसे वाटत नसे. देवतेस वस्त्र नेसवावे, अलंकार घालावेत, हा देवघरातील मूर्तीचा उपचार कागदावरील चित्रासही लागू झाला.

ही कृती वाटते तितकी सोपी नव्हे. चित्रातील लुगड्याच्या बाह्यरेषेबरहुकूम रेशमी कापड कातरावयाचे, त्याच्या निऱ्या छापील निऱ्यांवर जुळवावयाच्या, काठाला जर लावावयाची, दागिन्यांच्या जागी मणी व टिकल्या बसवावयाच्या. कागद हा कापडासारखा सोशिक नाही. जवळजवळ घातलेल्या टाक्यांनी तो टपालाच्या तिकिटाप्रमाणे फाटतो. म्हणून टाके विरळ ठेवून पुष्कळसे काम खळीवर भागविले जाई. मुख, हात आणि पाय मात्र सुईने झाकीत नसत. मागील आकाश आणि जळही बहुधा छपाईकडेच राही. सुई व रंग यांची ही वाटणी कोणी लिहून ठेवली नव्हती, तरी ती सहसा मोडली जात नसे. मण्यांच्या उंचीमुळे काच चित्रावर टेकवून चालत नाही; तेव्हा चौकट खोल करून आत पट्टी देणे भाग पडे. ‘तसबीर’ हा मूळचा अरबी शब्द मराठीत विशेषतः चौकटीतल्या चित्रास रूढ झाला आहे, तो येथे शब्दशः सार्थ होतो.

अशा तसबिरीची नोंद केवळ रविवर्म्यांच्या नावावर व छपाईच्या वर्षावर करणे सदोष होय. १९०६ मध्ये रविवर्मा निवर्तले, तरी त्यांच्या चित्रांची छपाई पुढे चालूच राहिली. शिवाय जर काळवंडल्यावर मूळ वस्त्र काढून नवे चढविणे सहज शक्य होते. छपाईचे वर्ष एवढेच सांगते की, सुईकाम त्याच्या आधीचे नाही. छापखान्याचे नाव चित्राखाली छापलेले असते. शिवणाऱ्या हाताचे नाव सहसा कोठेच नसते, आणि तो हात घरातला की दुकानातला, हेही पाहून ओळखता येत नाही. म्हणूनच कापड, दोरा, मणी व चौकट यांची नोंद स्वतंत्रपणे झाली पाहिजे. ‘मूळ चित्र’ मोकळे करण्याच्या हौसेने वरचे कापड उतरविले, तर त्या अनामिक कारागिराचा एकमेव पुरावाच नष्ट होतो. कापड निघाले तरी कागदावर सुईची भोके राहतात. आणि जेथे उजेड पोहोचला नव्हता, तेथे छपाईचा रंग भोवतालच्या रंगाहून ताजा, लुगड्याच्याच आकारात दिसतो.