च्युइंग गम : आरोग्य व औषधोपयोग

गम चघळला की लाळ सुटते आणि दातांवरील आम्लाचा जोर ओसरतो. मात्र गम बिनसाखरेचा हवा. फिनलंडमधील तुर्कू येथे 1970च्या दशकात झालेल्या अभ्यासात साखरेऐवजी झायलिटॉल हा गोडकारक असलेल्या गममुळे दातांची कीड घटल्याचे दिसले.

औषध म्हणून खरा मान निकोटिन गमचा. स्वीडनच्या ओवे फेर्नो यांना तो सुचला पाणबुडीतील नौसैनिकांवरून : धूम्रपानबंदीमुळे ते तोंडात तंबाखू धरत. हा गम एकसारखा चावायचा नसतो. थोडा चावून गालात दाबून ठेवला, की निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते. घाई करणाऱ्याला उचक्या आणि मळमळ!

सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर साधा गम चघळल्यास आतडी लवकर कामाला लागतात. मात्र बिनसाखरेच्या गममधील सॉर्बिटॉल या गोडकारकाच्या अतिरेकाने जुलाब होतात. गिळलेला गम वर्षानुवर्षे पोटात राहतो, ही निव्वळ थाप.