अलिबागला निघालात? आधी तिथी बघा

गटाची सहल ठरली की गाडी कोण बघणार, डबे कोण आणणार, वर्गणी किती, सगळं ठरतं. तिथी मात्र कुणी बघत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला बघायचा असेल, तर सुरुवात तिथीपासूनच करायला हवी.

हा किल्ला भरतीला बेट होतो आणि ओहोटीला चालत जाता येईल असा उघडा पडतो. शिवाजी महाराजांनी ही जागा उगीच निवडली नाही. १६८० मध्ये बांधकाम सुरू झालं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेत. लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. पुढे कान्होजी आंग्रे यांचं आरमार इथून चाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी कुलाबा पडला नाही. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे, तीही बघा.

आता हिशेब. आपल्या किनाऱ्यावर कोळीवाड्यात तो पाठच असतो. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी घ्या: चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर तिथल्या माणसांना विचारायचंच.

कुणी म्हणेल, मग अष्टमीला जाऊ, भर दुपारी ओहोटी मिळेल. मिळेल, पण ती भांगाची. त्या दिवसांत पाणी फार आत हटत नाही. वाटेत गुडघाभर किंवा त्याहून जास्तही राहतं, मग घोडागाडी करावी लागते. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाणी खूप आत जातं, पण ओहोटी पडते सकाळी आणि संध्याकाळी सहाला. माझ्या मते तृतीया-चतुर्थीची सकाळ सगळ्यांत सोयीची. ओहोटीच्या तासभर आधी निघा. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं, बायका तिथे हमखास थांबतात. थांबा, पण घड्याळ एकीच्या हातात द्या. पाणी वळलं की तिने हाक मारायची आणि बाकीच्यांनी निघायचं. फोटो राहिला तर राहिला.

मुंबईहून येणाऱ्या मैत्रिणींसाठी बोटीचं सांगते. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अवसेच्या सणाला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला ‘रामदास’ बोट निघाली. सुमारे सातशे माणसं होती, बरीचशी सणाला घरी निघालेली. काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात बोट कलली, घाबरलेली माणसं एकाच बाजूला धावली आणि ती उलटली. सहाशेहून जास्त जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला तासन्‌तास काही कळलं नाही. रेवसचे कोळी मासळी विकायला निघाले होते. त्यांनी ती मासळी समुद्रात टाकली आणि होड्यांत माणसं घेतली.

आज गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. कुणी ‘सोडतो, बसा’ म्हणालं तरी बसू नका. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट आहे. तीही हवा बिघडली की थांबते, तेव्हा आधी चौकशी करा. नाहीतर पनवेल-पेण-वडखळवरून एसटी आहेच. मुरूडचा जंजिरा बघायचा तर राजपुरीहून होडी मिळते, तीही पावसाळ्यात नसते. होडीत चढताना माणसं मोजा, जास्त वाटली तर पुढच्या फेरीला जा. आणि हेलकावा बसला तर जागेवरच बसून राहा, एका अंगाला सरकू नका. लेकरांना मांडीवर घ्या.