पितळेतील दफ्तर : बेनिन राज्याचे ओतारी

आजच्या नायजेरियाच्या दक्षिणेस एडो लोकांचे बेनिन हे राज्य अनेक शतके नांदले आणि त्याची राजधानी बेनिन या नावानेच ओळखली गेली. शेजारचा जो देश १९७५ पासून बेनिन म्हणवतो तो पूर्वीचा दाहोमे होय, त्यामुळे या दोहोंची गल्लत करता कामा नये. राज्याच्या अधिपतीला ओबा म्हणत. लेखनाची परंपरा नसलेल्या या दरबाराने आपले राजे, युद्धे, विधी आणि मानमरातब यांची नोंद पितळेत व हस्तिदंतात ठेवली. म्हणूनच येथील ओतकामाकडे केवळ कलाकुसर म्हणून पाहणे अपुरे ठरते.

हे ओतकाम इगुन एरोन्म्वोन या श्रेणीकडे, म्हणजे एकाच धंद्यातील वंशपरंपरागत कारागिरांच्या संघाकडे होते. ओबा ओगुओला याने इफे येथून इगुएघा नावाचा निष्णात ओतारी मागवला आणि त्याच्यापासून ही विद्या बेनिनमध्ये रुजली, असे स्थानिक परंपरा सांगते. कामाची रीत भारतीय शिल्पग्रंथांत मधूच्छिष्टविधान म्हणून वर्णिलेल्या पद्धतीशी जुळणारी आहे : मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर देऊन त्यात बारीकसारीक तपशील कोरायचे, वरून पुन्हा माती लिंपायची, भाजताना मेण वितळून निघून गेले की त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा आणि थंड झाल्यावर साचा फोडून मूर्ती मोकळी करायची. साचा प्रत्येक वेळी फुटत असल्याने कोणतीही मूर्ती दुसरीची तंतोतंत प्रत होत नसे. जगभर या वस्तूंना ब्राँझ म्हटले जाते, परंतु त्यांतील बहुतेक पितळेच्या आहेत.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज येथे पोहोचले आणि मिरी, हस्तिदंत व गुलाम यांच्या बदल्यात मनिला नावाची पितळी कडी देऊ लागले. ही कडी वितळवूनच दरबारी ओतकामाचा मोठा भाग घडला. या वैभवात माणसांच्या विक्रीचाही वाटा होता, हे त्याच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. सोळाव्या शतकात ओबा एसिगी याच्या काळात या कलेला बहर आला. त्याने आपली माता इडिया हिच्यासाठी इयोबा, म्हणजे राजमाता, हे पद निर्माण केले. याच काळापासून पुढे घडलेल्या आयताकृती फलकांवर योद्धे, दरबारी, बिबटे आणि पोर्तुगीज सैनिकही दिसतात. राजवाड्याचे खांब अशा फलकांनी मढवलेले असल्याचे वर्णन डच लेखक ओल्फर्ट डॅपर याने १६६८ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे हे फलक खांबांवरून उतरवून कोठारात ठेवले गेले, तरी दरबारी रीतीविषयी वाद निघाला की ते पाहून निवाडा होई, अशी राजवाड्यातील आठवण आहे, आणि दफ्तराचा याहून नेमका उपयोग तो कोणता? गादीवर येणारा प्रत्येक ओबा पित्याच्या स्मृतीसाठी वेदी उभारी व तीवर ओतीव मस्तके मांडी. मस्तकाच्या माथ्यावरील छिद्रात कोरीव हस्तिदंत बसवला जाई.

जानेवारी १८९७ मध्ये ब्रिटिश अधिकारी फिलिप्स याच्या तुकडीतील बहुतेकांची हत्या झाली. त्याचे निमित्त करून फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने नगर जिंकले, राजवाडा लुटला आणि पुढे ओबा ओव्होनराम्वेन याला कालाबार येथे हद्दपार केले. हजारो वस्तू युरोपात विकल्या गेल्या. एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे आज नऊशेहून अधिक आहेत. मोल केवळ धातूचे गेले नाही : कोणते मस्तक कोणत्या वेदीवर, कशाच्या शेजारी होते, हा संदर्भच तुटला.

गादी रिकामी असताना ओताऱ्यांचा मुख्य आश्रयदाता नाहीसा झाला होता. १९१४ मध्ये दुसरा एवेका ओबा झाला, त्याने राजवाडा पुन्हा बांधला आणि स्वतः कारागीर असल्याने श्रेणींना नवे बळ दिले. त्या श्रेणीचे वंशज आजही बेनिन शहरातील इगुन मार्गावर ओतकाम करतात. अलीकडे वस्तू परत येऊ लागल्या असून, २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू नायजेरियाला सुपूर्द केल्या. त्यांची मांडणी व नोंद करताना संग्रहालयशास्त्राइतकेच वजन इगुनच्या ओताऱ्यांच्या आणि राजवाड्यातील विधी जाणणाऱ्यांच्या शब्दाला मिळाले पाहिजे.