किंमत उभ्या अक्षावर कोणी चढवली?

गणिताचे सर सांगतात, कारण आडव्या अक्षावर घ्या, परिणाम उभ्यावर. पुढच्याच तासाला अर्थशास्त्राच्या बाई म्हणतात की किंमत बदलली की मागणी बदलते, आणि फळ्यावर किंमत मांडतात उभ्या अक्षावर! अकरावीतल्या पोराने कोणाचे ऐकायचे?

आलेखाची बाकीची वंशावळ सरळ आहे. चौदाव्या शतकात ओरेमने काळ आडवा धरून वेग उभा मांडला, १६३७ मध्ये देकार्तने भूमितीत बीजगणित आणले, १७८६ मध्ये प्लेफेअरने व्यापाराचे आकडे रेषांत उतरवले. मागणीचा वक्रही आधी याच वळणाचा होता. १८३८ मध्ये कूर्नोने तो काढला तेव्हा किंमत आडवीच होती. पुढे अर्थशास्त्रज्ञ वालरासनेही ती तशीच ठेवली.

उलटापालट रुजवली ती केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शलने. त्याच्या १८९० च्या ग्रंथात आकृत्या मुख्य मजकुरात नाहीतच, तळटीपांत आहेत. त्या तळटीपांनी जगभरचे फळे फिरवले.

पण त्याने असे का केले? मार्शलचे गणित कच्चे होते म्हणावे, तर १८६५ च्या केंब्रिजच्या गणित परीक्षेत तो दुसरा आला होता. पहिला आलेला पुढे लॉर्ड रॅले म्हणून गाजला. दुसरा तर्क असा की काळ आडवा नि भाव उभा अशा तक्त्यांची सवय नडली. प्लेफेअरचा १८२१ चा गव्हाच्या भावाचा तक्ता तसाच आहे. पण मार्शलच्या आकृतीत काळाचा अक्षच नाही, मग ही सवय तिथे शिरलीच कशी?

माझ्या मते मार्शलचा प्रश्नच वेगळा होता. वालरास विचारतो, या भावाला किती माल खपेल? मार्शल विचारतो, एवढा माल आहे, तर गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती मोजेल? मग त्याच्या हिशेबी नग हे कारण, किंमत हा परिणाम, आणि अक्ष अगदी नियमाप्रमाणे.

आता अडचण. त्याच ग्रंथात चहाचे कोष्टक आहे : पौंडाला ५० पेन्स भाव असेल तर गिऱ्हाईक ६ पौंड घेईल, ४० असेल तर ७. म्हणजे आधी भाव, मग नग! इथे माझी बाजू लंगडी पडते. पुरवठ्याकडे मात्र ती भक्कम आहे. गिऱ्हाईक देईल ती किंमत उत्पादकाला परवडणाऱ्या किमतीहून जास्त असेल, तर मार्शलचा उत्पादक माल वाढवतो. वालरासच्या बाजारात मागणी जास्त झाली की भाव वाढतो. दोन्ही वक्र एकाच चौकटीत बसवायचे, तर अक्ष कोणा एकाच्या सोयीने लावावे लागणार. मार्शलने ते उत्पादकाच्या सोयीने लावले, असे मी धरून चालतो.