अडीच फुटांची कुळकथा

बार्शीला लहानपणी आमचा एक खेळ असायचा. एक पाय या रुळावर, दुसरा त्या रुळावर ठेवायचा आणि हात न पसरता किती वेळ उभं राहता येतं ते पाहायचं. पुढे नोकरीनं गोंदियाला नेलं. तिथली ‘छोटी लाईन’ पहिल्यांदा पाहिली आणि आपसूक दोन्ही रुळांवर पाय टाकून उभा राहिलो. तंतोतंत तेच माप, अडीच फूट. तेव्हापासून हे माप माझ्या मागे लागलं आहे.

गोंदियाहून जाणारी नागपूर–राजनांदगाव लाईन 1882 साली सुरू झाली, ती मीटरगेज. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं ती ताब्यात घेतली आणि साडेपाच फुटी केली. अरुंद रूळ उखडून रुंद टाकणारी हीच बलाढ्य कंपनी पुढे त्याच गोंदिया स्टेशनातून मीटरहूनही अरुंद लाईन काढते आणि 1905 पर्यंत नैनपूरमार्गे जबलपूर गाठते. हे उलटं पाऊल कशासाठी? आणि अडीचच फूट का?

अडीच फुटांचा मान कोणी बडोद्याच्या गायकवाडांना देतात. 1862 सालच्या डभोई–मियागाम लाईनीचं माप तेवढंच होतं खरं, पण तिथे सुरुवातीला गाड्या बैल ओढत. दुसरा पक्ष लष्कराचा: कालका–सिमला दोन फुटी ठरली होती, ती 1901 साली लष्कराच्या आग्रहानं अडीच फुटी झाली. मला दोन्ही पटत नाहीत. माप कुठूनही येवो, त्या मापावर व्यवहार होऊ शकतो हे दाखवलं बार्शीनं, 1897 साली.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा इंजिन-निरीक्षक. त्यानं ओळखलं की खर्च रुंदीपेक्षा वजनानं वाढतो. म्हणून इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनच भार. तेवढ्यानं दर यार्डाला 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. इंजिनाचं वजन वाटून द्यायला आठ चाकं एकमेकांना जोडली. ही लाईन जीआयपीनं नाही, त्यानं स्वतःची कंपनी काढून बांधली, आणि कुर्डुवाडी–बार्शीच्या माळावर ‘बार्शी लाइट’ धावू लागली.

बरोबर शंभर वर्षांनी, 1997 साली, हार्वर्डच्या क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांनी मोठ्या कंपन्यांची कोंडी मांडली: स्वस्त, साधी, कमअस्सल वाटणारी वस्तू त्यांना नफ्याची वाटत नाही आणि तिथेच त्या मागे पडतात. त्यांचा उपाय असा, की अशा धंद्याला वेगळं घर द्या, त्याचा खर्च निराळा ठेवा. बंगाल-नागपूरनं नेमकं तेच केलं होतं, छोट्या लाईनीला नैनपूरचं घर दिलं. इंजिनं, डबे, सगळं वेगळं. सातपुड्याची तीव्र वळणं आणि तुरळक गावं यांना साडेपाच फुटी लाईन परवडलीच नसती. छोटी परवडली आणि लाकूड, बालाघाटचं मँगनीज खाली येऊ लागलं.

तोटाही होता. गोंदियाला प्रत्येक नग छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावा लागे. हमालांच्या पाठीवर दोन मापांमधला तीन फुटांचा फरक वाहिला गेला.

बंगाल-नागपूरनं बार्शीचाच कित्ता गिरवला असं माझं ठाम मत आहे. सालांचा क्रम तेच सांगतो. आणि ती लाईन जिथे पोचली ते जबलपूर 1870 पासून जीआयपीचं, म्हणजे कॅलथ्रॉपच्याच जुन्या धन्याचं ठाणं होतं.

2015 मध्ये नैनपूर–जबलपूरची छोटी गाडी थांबली. आता तिथे साडेपाच फुटी रूळ आहेत, आणि त्यांवर दोन्ही पाय ठेवून उभं राहणं कुणालाच जमणार नाही.