गडकऱ्यांचा उठाव (१८४४)

कोल्हापूर संस्थानातील किल्ल्यांच्या वंशपरंपरागत शिबंदीने इंग्रजी वर्चस्वाविरुद्ध केलेले बंड. गडाच्या राखणीबद्दल गडकऱ्यांना पायथ्याच्या मुलखात जमिनी तोडून दिलेल्या असून त्यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या अबाधित चालत आली होती. शहाजी छत्रपती १८३८ मध्ये निवर्तले. गादीचे वारस अल्पवयी असल्याने कंपनी सरकारने पुढे दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमले, आणि त्यांनी महसुलाची नवी व्यवस्था लावताना या जमिनी मामलेदारांच्या अंमलाखाली आणताच, आपले वतन आज ना उद्या खालसा होणार या धास्तीने गडहिंग्लजनजीकचा सामानगड व गारगोटीजवळचा भुदरगड येथील शिबंदीने दरवाजे लावून घेतले. तंटा जमिनीवरील हक्काचा होता, म्हणूनच बहुधा तो इतका चिवट ठरला.

बेळगावच्या छावणीतून फौज निघाली. सामानगड १३ ऑक्टोबर रोजी पडला. तथापि बंडवाल्यांनी कर्नल ओव्हन्स या वरिष्ठ अधिकाऱ्यास पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते, ही गोष्ट इंग्रजांच्या प्रतिष्ठेस विशेष झोंबली असावी. १ डिसेंबरला पन्हाळा सर झाला व बंडवाल्यांचे पुढारी बाबाजी अहिरेकर तेथे मारले गेले. सावंतवाडीतही पसरलेला या बंडाचा वणवा मनोहरगड-मनसंतोषगडाच्या पाडावानंतर १८४५ मध्ये शमला. गडांची तटबंदी पाडण्यात आली, वंशपरंपरागत शिबंदी मोडली गेली, आणि मोहिमेचा खर्च कोल्हापूरच्याच खजिन्यावर लादला गेला.